परतीचा सामना भुईगावात

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा एकटाच बडबडत होता.

ऑक्टोबर लागला होता. पाऊस गेला गेला म्हणेपर्यंत दुपारी एखादी सर टाकून जायचा, आणि मग आमचं चर्चमागचं मैदान संध्याकाळभर ओलं, ऊबदार असायचं. माझ्या मुलींचा सराव चालू होता. मी ज्युली. सकाळी शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी भुईगावातल्या पोरींना फुटबॉल. अख्खं गाव मला टीचर म्हणतं. मम्मीसुद्धा रागावली की टीचरच म्हणते.

तर गोलच्या मागे, केळीच्या वाडीच्या कुंपणाला टेकून एक माणूस उभा. निळा शर्ट, दुमडलेल्या बाह्या, आणि तोंडासमोर आडवा धरलेला फोन.

"...आणि हा टोलवला, उंच टोलवला, क्षेत्ररक्षक धावतेय, धावतेय, पण नाही, चेंडू सीमारेषेच्या पार, मंडळी, टाळ्या झाल्या पाहिजेत..."

माझी गोलकीपर हसता हसता चिखलात बसली. मी शिट्टी वाजवली आणि तरातरा त्याच्याकडे गेले.

"क्षेत्ररक्षक?" मी विचारलं.

"हो... म्हणजे ती मागे उभी होती ना."

"तिला बचावपटू म्हणतात. आणि चेंडू बाहेर गेला की टाळ्या नसतात. थ्रो-इन असतो."

"सॉरी हं. मी क्रिकेटचा माणूस."

"ते कळलं. मग इथं काय करताय?"

"नोकरी वाचवतोय."

"गेलीय का?"

"अजून लागायचीय," तो म्हणाला. "लागली की जाईल, असं वाटतंय."

मला हसायचं नव्हतं. मुलींसमोर तर अजिबात नाही. पण त्यानं ते इतकं मनापासून सांगितलं, की माझा ओठ जरासा हललाच... आणि तो त्यानं बघितला. मेल्याची नजर तेज होती.

त्याचं नाव वेदांत. राहणार गोखिवऱ्याला. विरारपासून नायगावपर्यंत टेनिस बॉल क्रिकेटच्या जितक्या स्पर्धा होतात तितक्यांत माइक ह्याच्या हातात. दिवसा एका कारखान्यात मालाच्या गाड्या भरून घेण्याचं काम. आणि आता एका स्पोर्ट्स अ‍ॅपवाल्या कंपनीनं त्याला मालाडच्या स्टुडिओत बसवायचं ठरवलं होतं. मुलींच्या आशियाई स्पर्धेच्या पात्रता गटातले आपले शेवटचे तीन सामने मराठीतून सांगायचे. संघ पात्र ठरला तर मराठी कॉमेंट्री पुढंही चालू राहणार, आणि ह्याला कायमची नोकरी. नाही ठरला तर मराठी बंद, आणि हा परत गाड्या भरायला.

ते कुठलं वर्ष, समोरचे देश कुठले, ते मी सांगणार नाही. उगाच कुणी जुने निकाल उकरून मला खोटं पाडायला यायचं. एवढं लक्षात ठेवा की गटात चार संघ होते, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं होतं. एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या घरी. आणि आपल्या संघाची गोलकीपर होती आमची सालोमी. भुईगावची. ह्याच चिखलात पडून पडून शिकलेली, माझ्या हाताखाली.

"म्हणून आलो," वेदांत म्हणाला. "म्हटलं, ती जिथं शिकली तिथं मला पण थोडं कळेल. शिकवाल का, टीचर?"

"मी मुलींना शिकवते."

"मी गप्प बसेन."

"तेच तर जमणार नाही तुम्हाला," मी म्हटलं.

पण शिकवलं. का शिकवलं ते विचारू नका. सालोमीचा खेळ कुणीतरी आपल्या भाषेत नीट सांगावा, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

सराव संपला की तो स्कूटर लावून यायचा आणि आम्ही समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत, आमच्या वाडीच्या बांधावर बसायचो. मी वाळक्या फांदीनं मातीत मैदान काढायची. चिकूच्या बिया म्हणजे आपला संघ, खडे म्हणजे समोरचा. ऑफसाइड समजायला त्याला चार संध्याकाळी लागल्या. पाचव्या दिवशी मम्मी सोनचाफ्याच्या पुड्या बांधता बांधता मागून म्हणाली, "आता तर मला पन कळलं." मम्मीनं, म्हणजे रोझमेरीबाईंनी, आयुष्यात एक अख्खा सामना बघितलेला नव्हता.

"काकू, तुम्हीच या मालाडला," वेदांत म्हणाला.

"आणि फुलं कोन तोडणार? तू?"

दुसऱ्या दिवशी तो खरंच उजाडता आला. फुलं तोडायला. अर्धी पाकळ्या गळून गेलेली तोडली, मम्मीची बोलणी खाल्ली, आणि जाताना एक चाफा शर्टाच्या खिशात टाकून गेला. मी खिडकीतून बघत होते. बघायचं काही कारण नव्हतं.

त्याचा खरा दोष फुटबॉल न कळणं हा नव्हताच. तो थांबायचाच नाही. टेनिस क्रिकेटच्या मैदानावर माइकवाला गप्प झाला की लोक समजतात लाइट गेली. त्यामुळं ह्याला सवय, एक क्षण रिकामा सोडायचा नाही.

"तुम्ही श्वास कधी घेता?" मी एकदा विचारलं.

"जाहिरात लागली की."

"इकडं बघा. स्ट्रायकर पुढं आलीय. गोलकीपर एकटी आहे. अख्खं मैदान श्वास रोखून बसलंय. अशा वेळी काय बोलाल?"

तो तोंड उघडून बसला. मग हळूच म्हणाला, "काही नाही?"

"काही नाही. जे डोळ्यांना दिसतंय ते सांगायचं नसतं. गप्प बसायचं आणि लोकांबरोबर बघायचं."

तो गप्प बसला. खरंच बसला. वाऱ्यानं केळीची पानं सळसळली, लांबून समुद्राचा आवाज आला... आणि तो मातीतल्या मैदानाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला. मीच मग घाईघाईनं चिकूच्या बिया गोळा केल्या.

"बरोबर केलं का?" त्यानं विचारलं.

"ठीक होतं," मी म्हटलं. "पण तू... म्हणजे तुम्ही बॉलकडे बघायचं."

"तूच बरं वाटलं," तो म्हणाला.

मग ते तूच राहिलं.

पहिला सामना आमच्या घरी टीव्हीवर लावला. वेदांतनं सुरुवात केली आणि सुटलाच. सालोमीची उंची, भुईगावची केळी, वसईचा किल्ला, सगळं एका दमात. मला राहवेना. मी फोन काढला आणि लिहिलं—श्वास घे.

टीव्हीतला आवाज अर्ध्या वाक्यात थांबला. एक क्षण, दोन क्षण... नुसता मैदानाचा आवाज. मग तो सावकाश म्हणाला, "सालोमीकडे चेंडू."

माझ्या हातातला फोन गरम झाल्यासारखा वाटला. हजारो लोक ऐकत असतील. आणि त्यातली ती एवढीशी शांतता माझी होती.

तो सामना आपण एका गोलनं हरलो. सालोमीनं बाकी सगळं अडवलं होतं. आता पुढचा जिंकायलाच हवा होता.

पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी वेदांत म्हणाला, "उद्या आमच्याकडे जाशील का?"

"तू तर मालाडला असशील."

"म्हणूनच. आई एकटी बघणार. तिला काही कळत नाही आणि मी काय बोलतोय ते तिला समजून घ्यायचंय. तू सांग ना तिला. प्लीज."

बाबा कामाला बाहेरगावी असतात, हेही त्यानं जोडलं. मी भाव खाल्ला थोडा. मग गेले. गोखिवऱ्याची ती बिल्डिंग, तिसरा मजला, खाली कारखान्यांच्या गाड्यांची वर्दळ. दार उघडलं ते लतिकाकाकूंनी. त्यांनी मला आधी पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग म्हणाल्या, "ये गं. घावणे गरम आहेत. सामना काय पळून जात नाही."

आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो आणि वेदांतचा आवाज खोलीत आला. विचित्र वाटत होतं. माणूस नाही, नुसता आवाज, आणि त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघी.

"जेवला नाहीये हा," काकू म्हणाल्या.

"कशावरून?"

"आवाज वर चढतोय. पोटात अन्न असलं की खाली असतो."

मी ऑफसाइड समजावला. त्यांना एका झटक्यात कळला. मी थक्क झाले. "म्हणजे रांग मोडून पुढं जाऊन उभं राहायचं नाही," त्या म्हणाल्या. "एवढं काय त्यात?" मग आपण गोल केला, मग दुसरा केला, आणि काकूंनी माझा हात घट्ट धरला तो सामना संपेपर्यंत सोडला नाही. आपण जिंकलो. आता शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली तरी पुरे होतं.

निघताना काकूंनी कुंकवाची कुयरी आणली. बोट बुडवलं आणि थांबल्या.

"चालेल ना तुला? नसेल तर तसं सांग, हं. मी वाईट वाटून घेणार नाही."

मी कपाळ पुढं केलं.

"गुणी आहेस," त्या म्हणाल्या. "आता हा हैदराबादला गेला की तू येत जा मला भेटायला. वर्षभर मी काय करू एकटी?"

"हैदराबादला?"

"सांगितलं नाही त्यानं? मुली पात्र ठरल्या की कंपनी तिकडंच नेणार सगळ्यांना. मोठा स्टुडिओ आहे म्हणे."

रिक्षात बसले, आणि वसईच्या पारनाक्यापर्यंत मला काही दिसलंच नाही. बरोबरी झाली तर तो जाणार. हरलो तर राहणार. इतकं साधं गणित होतं. आणि मधे उभी होती माझी सालोमी, हातमोजे घालून.

खरं सांगते. मी लहानपणापासून एकदाही आपला संघ हरावा असं मनात आणलं नव्हतं. त्या संध्याकाळी आणलं. लगेच स्वतःची लाज वाटली, आणि तरी ते जाईना.

दुसऱ्या दिवशी तो बांधावर आला तेव्हा मी फांदी हातात घेतलीच नाही.

"कपाळाला काय लागलंय?" तो हसत म्हणाला. पुसट कुंकू राहिलं होतं बहुतेक.

"हैदराबाद," मी म्हटलं.

त्याचं हसू उतरलं.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर शिकवलं असतंस?"

"शिकवलं असतं." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "पण तुला तू म्हटलं नसतं."

त्यानं चिकूची एक बी उचलून बोटांत फिरवली. "ज्युली," तो म्हणाला. पहिल्यांदाच, टीचर नाही, ज्युली. "मला ही नोकरी हवीय. आयुष्यभर लोक म्हणाले, हा नुसता बडबड्या आहे. पहिल्यांदा कुणीतरी बडबडीला काम म्हणून पैसे देतंय. मी खोटं नाही बोलणार."

"नकोच बोलू."

"आणि मला..." तो थांबला.

"काय?"

"ते सामन्यानंतर बोलतो."

"का? आत्ता तोंडाला काय झालंय?"

"आत्ता बोललो तर तू म्हणशील थांब. आणि तू म्हणालीस तर मी थांबेन."

असं म्हणून तो गेला. मी तिथंच बसले. मम्मीनं आतून तीनदा हाक मारली तेव्हा उठले.

आता तुम्हाला आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. ऑक्टोबर हा आमचा रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना. मारियामातेची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाते. दिवेलागणीला गल्लीतले सगळे त्या घरी जमतात, जपमाळ म्हणतात, मग उकडलेले चणे खातात आणि घरी जातात. दुसऱ्या संध्याकाळी ते घर मूर्ती पुढच्या घरी पोचवतं. जपमाळेचे पाच टप्पे, त्यांना आम्ही रहस्यं म्हणतो. प्रत्येक रहस्याआधी घरातलं कुणीतरी मोठ्यानं हेतू सांगतं, म्हणजे ही प्रार्थना कशासाठी. मोठ्यानं. मनातल्या मनात चालत नाही.

आणि शेवटच्या सामन्याच्या संध्याकाळी पाळी होती आमच्या घराची.

पाळी बदलता येत नाही. मम्मीनं विचारूनही बघितलं. गल्लीच्या टोकाला राहणारे बॅप्टिस्टकाका, जे वर्षानुवर्षं जपमाळ चालवतात, ते म्हणाले, "सामना सालोमीचा हाय नं? मग मारियामातेसमोरच बसा. आनखी कुठं बसनार?" अडचण एवढीच, की आमच्या गल्लीत प्रत्येक घरात टीव्हीची जागा आणि मूर्तीची जागा एकच असते. भिंतीजवळचं ते एकच टेबल. त्यामुळं टीव्हीवर पांढरी चादर पडली, पुढं मूर्ती आली, दोन्ही बाजूंना मम्मीचा सोनचाफा. सामना सुरू झाला होता आणि तो त्या चादरीमागे बंद होता. फोन सगळ्यांचे बाहेर पायरीवर, टोपलीत. काकांचा नियम.

पहिला हेतू पप्पांनी सांगितला. पावसानं आडव्या पडलेल्या केळीसाठी. दुसरा मम्मीनं, आजाऱ्यांसाठी. तिसरा, चौथा मला आठवत नाही. माझे डोळे चादरीवर होते. तिच्यामागे तो बोलत असेल... की जेवला नसेल आजपण?

"पाचवं रहस्य," काका म्हणाले. "हेतू सांगा, टीचर."

सगळी खोली माझ्याकडे वळली. मी काय सांगणार ते सगळ्यांना ठाऊकच होतं. सालोमीची आई तर आधीच डोळे मिटून बसली होती. माणसांसमोर मी काहीही ठोकून दिलं असतं. पण मारियामाता हातभर अंतरावर होती, आणि सालोमीची आई माझ्या गुडघ्याला गुडघा लावून.

"टीचर?" काका.

"सालोमीच्या हातांना बळ मिळू दे," मी म्हटलं. "आपला संघ पुढं जाऊ दे." तिथं थांबता आलं असतं. पण जीभ थांबलीच नाही. "आणि वेदांत जाईल तेव्हा... मला रडू येऊ नये."

खोलीत कुणीतरी चण्याची वाटी खाली ठेवली, तेवढाच आवाज झाला. पप्पांनी छताकडे बघितलं. मम्मी माझ्याकडे बघतच राहिली. बॅप्टिस्टकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नमो मरिया," ते म्हणाले, आणि अख्ख्या गल्लीनं माझ्या त्या हेतूसाठी शेवटपर्यंत जपमाळ म्हटली. एकही नमो मरिया गाळली नाही.

चादर काढली तेव्हा उत्तरार्ध सरत आला होता. बरोबरी. एक एक. चणे कुणी खाईना. वेदांतचा आवाज खाली होता, शांत होता. जेवलाय, मला वाटलं, आणि त्याही स्थितीत बरं वाटलं.

अगदी शेवटी आपल्या एका मुलीनं समोरचीला पेनल्टीच्या चौकोनात पाडलं. शिट्टी वाजली.

समोरच्या संघाची उंच मुलगी चेंडू ठेवायला आली. सालोमी गोलमधे एकटी. हा गोल झाला असता तर सगळं संपलं असतं. तो राहिला असता. गोखिवऱ्याला, स्कूटरवर, रोज संध्याकाळी बांधावर. मला हे सगळं एका क्षणात दिसलं. आणि त्याच क्षणी मला दिसलं की सालोमी गुडघे जरा जास्तच वाकवतेय, तिची जुनी खोड... आणि माझ्या तोंडातून निघालं, "ताठ, सालोमी, ताठ उभी राहा."

टीव्ही गप्प झाला होता.

त्याला आज श्वास घे सांगणारं कुणी नव्हतं. माझा फोन बाहेर टोपलीत होता. तरी तो थांबला. ती मुलगी धावत आली, आणि त्या सगळ्या वेळात वेदांत एक शब्दही बोलला नाही. तो बघत होता. आमच्याबरोबर, माझ्याबरोबर बघत होता, बांधावर बसल्यासारखा.

सालोमी उजवीकडे झेपावली.

"अडवला," तो म्हणाला. एवढंच. त्याचाही आवाज फुटला होता.

मी नाचले. सालोमीच्या आईला उचलून नाचले, बॅप्टिस्टकाकांच्या टकलाचं चुंबन घेतलं. लांबच्या गल्लीत फटाके लागले. आणि मग अंतिम शिट्टी झाली, आपण पात्र ठरलो, आणि मी मूर्तीपुढे बसून ढसाढसा रडले.

मम्मीनं माझं डोकं मांडीवर घेतलं. "अर्धीच पोचली गं तुझी प्रार्थना," ती म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी मूर्ती बॅप्टिस्टकाकांकडे पोचवायची होती. आमच्या दारात गल्ली जमली. पप्पांनी मूर्ती घेतली, मम्मी मेणबत्त्या वाटत होती. तेवढ्यात वळणावर स्कूटर थांबली. तोच निळा शर्ट. कडेला उभा राहिला, गर्दीत यावं की नाही अशा विचारात.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग इतक्या शिस्तीत दुसरीकडे बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं.

मम्मी सरळ त्याच्याकडे गेली. हातात मेणबत्ती धरून थबकली.

"धरशील ना? नसेल धरायची तरी चालेल."

"धरतो, काकू," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी घेतली.

तो माझ्या शेजारी आला आणि आम्ही चालू लागलो. अरुंद गल्ली, दोन्हीकडे वाड्या, मधून मेणबत्त्यांची रांग. पुढं काका नमो मरियाचा पहिला अर्धा भाग म्हणायचे, मग आम्ही सगळे दुसरा. म्हणजे बोलायला वेळ मिळायचा तो फक्त काकांच्या अर्ध्या भागात.

"सालोमी काय खेळली गं," तो कुजबुजला.

"पवित्र मरिये..." मी सगळ्यांबरोबर म्हटलं. आमेन झाल्यावर म्हणाले, "तूही बरा बोललास."

"बोललो कुठं?"

"तेच."

पुन्हा आमची पाळी आली. तो मान खाली घालून शांत चालत होता.

"तुझा हेतू कळला मला," तो पुढच्या खेपेला म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"स्टेशनला पेट्रोल भरायला थांबलो होतो. रिक्षावाला म्हणाला, तूच का तो टीचरचा?"

मी तोंड फिरवलं. कान तापले होते. म्हणायची पाळी आली ती मी जरा मोठ्यानंच म्हटली.

"मग?" तो म्हणाला. "आलं का रडू?"

"आलं."

"मलापण."

"तू कशाला? तुला तर हवं ते मिळालं."

"अर्धं," तो म्हणाला.

आमच्या मागे मम्मी होती. ती मोठ्यानं खोकली, कारण आमच्या बोलण्यात माझी पाळी चुकली होती. मी घाईघाईनं आमेनला पोचले.

"सोमवारी जायचंय," तो म्हणाला. "पहिलं वर्षभर तिकडंच काम आहे. ज्युली, मी थांबू का?"

काय गंमत बघा. काल दुपारपर्यंत मी ह्याच एका प्रश्नाची वाट बघत होते. आता तो समोर आला, आणि मला टीव्हीतली ती शांतता आठवली. ती बांधावर जन्मली होती, पण बांधावर बसवून ठेवायची नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "जा. जेवत जा वेळेवर. आवाज वर चढतो तुझा."

त्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. "हे आईनं सांगितलं."

"आम्ही बोलतो."

पुन्हा पाळी. ह्या वेळी त्याचेही ओठ हलत होते. ऐकून ऐकून अर्धं पाठ झालं असावं त्याला. काकांचं घर दिसायला लागलं, दारात दिवा, पायरीवर रांगोळीसारखी पसरलेली फुलं. आता एकच नमो मरिया उरली असेल.

"तू म्हणाली होतीस," तो घाईनं म्हणाला, "पात्रता गटात प्रत्येकाशी दोनदा खेळायचं असतं. एकदा त्यांच्या घरी, एकदा आपल्या."

"मग?"

"तू आमच्याकडे येऊन गेलीस. आई म्हणते, परतीचा सामना राहिलाय. रविवारी बाबा घरी आहेत. आम्ही तिघं येऊ का... भुईगावला?"

"फुटबॉल बघायला?"

"नाही," तो म्हणाला. "मागणी घालायला."

काकांचा अर्धा भाग संपला. सगळी गल्ली एका सुरात म्हणू लागली. मी नुसती चालत होते, माझ्या मेणबत्तीचं मेण त्याच्या मनगटावर ठिबकलं तरी त्यानं हात मागे घेतला नाही. मागे मम्मीचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती, मला खात्री आहे. पुढं पप्पांची पावलंही हळू झाली होती.

सगळ्यांचं आमेन झालं. गल्ली शांत झाली. वेदांतही गप्प. तो काही म्हणजे काही बोलला नाही. मी शिकवलं होतं तसा नुसता बघत राहिला, आणि ह्या खेपेला बॉलकडे बघ असं मी त्याला सांगितलं नाही.

"आमेन," मी म्हटलं. एकटीच, सगळ्यांच्या मागून.

दारात पप्पांकडून मूर्ती घेता घेता बॅप्टिस्टकाका मागे वळले. "रविवारी किती मानसं म्हनाला?" त्यांनी विचारलं. "मला चने भिजवायला लागतील."